मुखाकडून माथ्याकडे

कळंबच्या किनाऱ्याला निळं पाणी नाही. रेती करडी, ओली झाली की जवळजवळ काळी, आणि पाणी बारमाही मातकट. नालासोपाऱ्याला गाडीतून उतरून सुरूच्या बनात रविवार घालवायला येणारी मंडळी कधीकधी विचारतात, हे पाणी असं का? त्याचं उत्तर उत्तरेला आहे. अर्नाळ्याच्या किल्ल्यापलीकडे वैतरणा समुद्राला मिळते. दक्षिणेला उल्हास नदीचं पाणी घेऊन वसईची खाडी येते. या दोन मुखांच्या मधे आमचा किनारा. सह्याद्री झिजतो, नद्या ती झीज वाहून आणतात, भरती-ओहोटी ती घुसळते आणि वाळूचा पट्टा तयार होतो. त्याच पट्ट्यामागे आमच्या केळी, पानवेली, सोनचाफा आणि गोड्या पाण्याच्या बावखली. रेतीतून लोहचुंबक फिरवला की काळे कण चिकटतात, हा खेळ इथल्या पोरांना ठाऊक असतो. ते कण घाटावरच्या काळ्या कातळातले. हा कातळ नदी जिथून उचलते तिथवर, नदी धरून, शक्य तेवढं मोठा रस्ता सोडून जायचं, हे माझ्या मनात फार दिवस होतं.

मामेभावाकडे जुनी बोलेरो कॅम्पर आहे. मी त्याला दादा म्हणते आणि गाडीला सगळं घर ‘कॅम्पर’च म्हणतं. पुढे दोन ओळींत पाच माणसांची जागा, मागे उघडा हौदा, आणि गिअरच्या दांड्याशेजारी दुसरा आखूड दांडा. एरवी ती केळीचे घड आणि फुलांच्या टोपल्या वाहते. पावसाळ्यात वाडीतल्या चिखलातून बाहेर पडायचं असलं की दादा तो आखूड दांडा ओढतो आणि चारही चाकं कामाला लागतात. बसायला ती आरामशीर नाही. मागच्या पट्ट्या कमानी ओझ्यासाठी बनवलेल्या, रिकाम्या हौद्याने गेलं की प्रत्येक खड्डा पाठीला कळतो. पण तिची जमिनीपासूनची उंची, जाड नक्षीचे टायर आणि तो दांडा, एवढ्या तीन गोष्टींवर डोंगरातलं पुष्कळ उघडतं.

गाडी चारही चाकांची आहे म्हटल्यावर लोक आधी किनाऱ्याकडे बोट दाखवतात. वाळूत घाल की, मजा येईल. दादाने आजवर कॅम्पर कळंबच्या वाळूत उतरवलेली नाही आणि या बाबतीत तो घरच्यांचंही ऐकत नाही. वाळूत गाडी चालवायचं तंत्र त्याला येतं. टायरमधली हवा निम्म्यावर आणायची, म्हणजे टायर पसरून भार वाटला जातो. वेग एकसारखा ठेवायचा, वळण मोठं घ्यायचं, थांबायचं तर उताराकडे तोंड करून. पण किनारा कोळणीचा, पोरांचा, खेकड्यांचा आणि सुरूच्या रोपांचा आहे, चाकाचा नाही, असं तो म्हणतो. मला ते पटतं. भरतीच्या वेळी रुतलेली गाडी ट्रॅक्टरने ओढून काढताना वाळूची जी दशा होते, ती आमच्याकडे सगळ्यांनी पाहिली आहे.

दिवाळी नुकतीच उलटली होती. डोंगरात जायला हाच काळ मला सर्वांत चांगला वाटतो. ओढ्यांना पाणी असतं पण जोर नसतो, चिखल बसलेला असतो, धूळ अजून उडायची असते. आम्ही तिघं निघालो: दादा, वहिनी आणि मी. हौद्यात ताडपत्री, दोर, फावडं, दोन जाड फळ्या, हवा भरायचा पंप, पाण्याचे कॅन, आणि वहिनीने बांधून घेतलेली सुकेळी व सुके बोंबील. वाटेतल्या खोडाळ्याला तिची मैत्रीण शाळेत शिकवते. समुद्राकडून वर जाताना मासळी नेली नाही तर काय नेलं?

निर्मळच्या तळ्याकाठून गाडी गेली तेव्हा कार्तिकातल्या जत्रेची चाहूल लागायला सुरुवात झाली होती. तिथून सोपारा जवळच. आज नालासोपारा म्हटलं की लोकलची गर्दी डोळ्यांपुढे येते. पण पश्चिमेला बुरूड राजाचा कोट नावाची टेकडी आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी ती उकरली. आत विटांचा स्तूप, स्तूपाच्या पोटात दगडी पेटी, पेटीत करंडे आणि सोन्याच्या करंड्यात मातीच्या भिक्षापात्राचे लहानसे तुकडे निघाले. त्याच वर्षी इथे अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. नवव्या लेखाचा तुकडा १९५६ मध्ये आमच्या शेजारच्या भुईगावात सापडला. बंदर होतं म्हणजे बंदरात माल उतरत होता, आणि उतरलेला माल घाट चढून जात होता.

याचा मला भावणारा पुरावा सोपाऱ्यात नाही, घाटावर आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा लेख कोरलेला आहे, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा. त्याने भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक इथे वाटसरूंसाठी चौसोपी धर्मशाळा बांधल्या, आणि दमण, तापी, डहाणू अशा नद्यांवर लोकांना मोफत उतरवून नेणाऱ्या नावा ठेवल्या, असं त्यात सांगितलं आहे. शूर्पारक म्हणजे आमचं सोपारा, आणि गोवर्धन नाशिकजवळचं. आम्ही ज्या दोन टोकांच्या मधे निघालो होतो, तिथे जवळजवळ एकोणीसशे वर्षांपूर्वी कुणीतरी पावसात अडकलेल्या माणसाच्या छपराचा आणि नदी ओलांडायच्या सोयीचा विचार केला होता. राजाच्या जावयाने आपलं दान दगडात कोरावं यात नवल नाही. त्या दानात नावाडी असावा, हे मात्र मोठं.

महामार्ग लवकर सोडला. शिरसाड फाट्यावरून आत वळून वज्रेश्वरीच्या रस्त्याला लागलो. वसई घेतल्यावर चिमाजी आप्पांनी नवस फेडून बांधलेलं देऊळ, तानसेच्या काठची गरम पाण्याची कुंडं, हे सगळं आमच्या लहानपणापासूनचं, म्हणून थांबलो नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वीटभट्ट्यांची तयारी चालली होती. पावसाळाभर पडीक असलेल्या जागा सपाट केल्या जात होत्या, भाताचा तूस आणि कोळसा उतरत होता, आणि भट्टीच्या कडेला कुडाच्या नव्या झोपड्या उभ्या राहत होत्या. समोरून एक टेम्पो आला. त्याच्या हौद्यात बोचकी, हंडे, कोंबड्यांची पाटी, लाकडं, आणि सगळ्यावर बसलेली चार-पाच मुलं. मग दुसरा तसाच. हे टेम्पो आम्ही जिथे चाललो होतो तिथूनच येत होते, जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडून.

अंबाडी, कुडूस, मग वाडा. या पट्ट्याबद्दल सांगायचं तर वाडा कोलमबद्दल सांगावं. २०२१ साली या बारीक, पांढऱ्या तांदळाला भौगोलिक मानांकन मिळालं. जुने शेतकरी त्याला झिनी म्हणतात. खाचरं कापून झाली होती, उडव्या रचलेल्या होत्या. वाड्याजवळ तिळसे गावी वैतरणा खडकांतून वाहते, आणि नदीच्या पात्रातच तिळसेश्वराचं देऊळ आहे. तिथल्या डोहातले मासे देवाचे, त्यांना कुणी जाळं लावत नाही. काठावर चणे टाकले की मासे वर येतात. वहिनी तिथे बराच वेळ बसली. खाली खाडीत याच नदीची रेती रात्रीच्या अंधारात सक्शन पंपांनी उपसली जाते, आणि इथे तिच्या एका डोहाला माणसाने शब्द देऊन तो पाळला आहे. खाडीतून उपसलेली रेती किनाऱ्यावर पोचत नाही. कळंबला आणि अर्नाळ्याला समुद्र सुरूच्या मुळांखालची वाळू नेतो, झाडं आडवी होतात, आणि भरपाई करायला वरून काही येत नाही. ही एकच नदी आहे हे लक्षात ठेवणं आपल्याला इतकं अवघड का जातं?

परळीच्या पुढे डोंगर जवळ आले. साग, ऐन, मोह आणि मधे बांबूची बेटं. हा सगळा तानसा अभयारण्याच्या आसपासचा भाग. वनखात्याच्या परवानगीशिवाय अभयारण्यातल्या वाटांवर गाडी घालायची नाही, हे आधीच ठरलं होतं. म्हणून ओगद्याकडे जाणारा गावरस्ता धरला. तो पुरेसा होता. डांबर संपलं, मग खडी संपली, मग उरला तो पावसाने धुतलेला लाल मुरूम आणि त्यातून वर आलेले कातळाचे पाठाड.

इथे दादाने आखूड दांडा आधी ‘फोर हाय’वर आणि पुढे चढ लागल्यावर ‘फोर लो’वर घेतला. हे नेमकं काय होतं ते सांगावंसं वाटतं, कारण पुष्कळांचा समज असतो की त्याने गाडीला वेग येतो. होतं उलटं. गिअरपेटीनंतर आणखी एक पेटी असते. तिच्यातून इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या दोन्ही धुऱ्यांना जाते. ‘लो’मध्ये चाकं इंजिनाच्या मानाने फार हळू फिरतात आणि जितकी हळू फिरतात तितका त्यांचा पीळ वाढतो. माणूस शेजारून चालत गेला तर पुढे निघून जाईल इतक्या संथ चालीने गाडी दगडावर चढते, थबकते, दुसऱ्या बाजूला उतरते. पाय ॲक्सिलरेटरवर नावापुरता. उतारावर तर पायाचं काम त्याहून कमी. क्लच दाबायचा नाही, ब्रेकवर उभं राहायचं नाही. पहिल्या गिअरमधलं इंजिनच गाडीला धरून ठेवतं. घाई करणाऱ्याची चाकं गरगरतात, मुरूम उडतो, वाट खरवडली जाते आणि पुढच्या पावसात तिथे घळ पडते. म्हणून डोंगरातली वाट जपायची असेल तर हळू जायला हवं. यात सुरक्षेचा भाग आहेच, पण आपल्या मागून येणाऱ्याचाही आहे.

त्या उतारावर आमच्या मागून येणारे होतेच. डोक्यावर भाताचे भारे घेतलेल्या तीन बायका कडेला उभ्या राहून आम्ही जायची वाट बघत होत्या. दादाने इंजिन बंद केलं आणि त्यांना आधी जाऊ दिलं. त्या खालच्या ओढ्यातून सरळ गेल्या, आणि पाणी कुठे घोट्याला लागतं, कुठे गुडघ्याला, हे आम्हाला न विचारताच कळलं. ओढा ओलांडायचा तर आधी पायी ओलांडायचा, हा नियम. तळाचे गोटे शेवाळलेले असतात, मधेच डबरा असतो, आणि पाणी इंजिनाच्या हवेच्या तोंडाशी पोचलं तर सगळाच खेळ खलास. दादा पँट वर करून काठीने चाचपत पलीकडे गेला आणि परत आला. मग बायका गेल्या तीच रेघ धरून कॅम्पर नेली. पाणी पुढच्या चाकांच्या मध्यापर्यंत आलं, त्याहून वर नाही.

लडाख, स्पिती, जैसलमेर, कच्छचं रण अशा ठिकाणी गाड्या घेऊन जाणारी मराठी मंडळी आता खूप आहेत, आणि त्यांचे अनुभव मी आवडीने ऐकते. वाळवंटात वाट वाऱ्याने पुसली जाते. रोज नवी पाडायची, दिशा आणि इंधन सांभाळायचं. सह्याद्रीत तसं नाही. इथे वाट आधी पावलांनी पडते, मग गुरांच्या खुरांनी रुंदावते, मग बैलगाडी येते आणि सगळ्यांत शेवटी मोटार. आपल्या आधी कुणी गेलेलं नाही अशी जागा इथे सापडायची नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही. उलट, वाटेला विचारायला माणूस असतो, हीच इथल्या भटकंतीतली श्रीमंती आहे असं मी मानते.

ओगद्याला गारगाई नदी पाहिली. मुंबईसाठी इथे धरण बांधायची योजना आहे. रोज ४४० दशलक्ष लिटर पाणी मिळेल आणि ते बोगद्यातून मोडकसागर तलावात नेलं जाईल, असा तिचा आराखडा. काही लाख झाडं आणि ओगद्यासह काही गावं त्यात जातील. गावातल्या एका वयस्क माणसाने आम्हाला अंगणात बसवलं, काळा चहा दिला आणि बोटाने डोंगराच्या अंगावर पाण्याची रेघ कुठवर येईल ते दाखवलं. त्याच्या घराच्या कितीतरी वर. तो रागाने बोलत नव्हता. नवी जागा कुठे मिळणार, तिथे नागली पिकेल का, गुरांना रान असेल का, एवढंच त्याला विचारायचं होतं, आणि ते त्याने आम्हालाही विचारलं, कारण विचारायला समोर आम्ही होतो. आमच्याकडे उत्तर नव्हतं. आमच्या वसईत १९८०-९० च्या दशकांत विहिरींमधलं पाणी टँकरने शहराला विकलं जायला लागलं तेव्हा अख्खा पट्टा रस्त्यावर आला होता. वहिनीने त्याला ते सांगितलं. त्याने लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, “मग पाणी राहिलं का?” काही राहिलं, असं ती म्हणाली. खरं तेच होतं.

खोडाळ्याला मुक्काम. बोंबलांचं स्वागत अपेक्षेपेक्षा मोठं झालं. वहिनीच्या मैत्रिणीने ते चुलीवर भाजले, नागलीच्या भाकरीबरोबर वाढले, आणि पुढचे दोन तास त्या दोघी शाळेबद्दल बोलत राहिल्या. दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्गात किती मुलं परत येतील हे इथल्या शिक्षकांना सांगता येत नाही. आईबाप भट्टीवर गेले की मुलं जातात. ती जाऊ नयेत म्हणून गावातच हंगामी वसतिगृह चालवायचं, आजी-आजोबांकडे मुलं ठेवायची, आणि तरीही गेलीच तर मुलाच्या हाती शिक्षण हमी कार्ड द्यायचं, म्हणजे भट्टीजवळच्या शाळेने त्याला बिनबोभाट बसवून घ्यावं, अशी व्यवस्था सरकारी कागदावर चांगली आहे. ती चालते ती शिक्षकाच्या चिकाटीवर. मैत्रिणीने वहिनीकडून वसईच्या पूर्वेच्या, भट्ट्यांजवळच्या शाळांची नावं लिहून घेतली.

सकाळी सूर्यमाळला गेलो. पालघर जिल्ह्यातल्या उंच ठिकाणांपैकी हे एक. उतारांवर खुरासणी फुललेली होती, पिवळीधमक. तिच्या मधेमधे कापलेल्या वरईचे आणि नागलीचे रिकामे तुकडे. ही शेती बैलाच्या नांगराला न जुमानणाऱ्या उतारावर कुदळीने केलेली. खुरासणीचं तेल हे इथल्या स्वयंपाकघराचं तेल, आणि पैशाची गरज पडली की बाजारात जाणारं पीकही तेच. पठाराच्या कडेने एक कच्ची वाट जाते. ती संपते तिथे कातळ तुटतो आणि खाली, दक्षिणेकडे, वैतरणेची घळ दिसते. ऊन वर येईपर्यंत घळीत धुकं होतं. मग ते फाटत गेलं आणि एकामागून एक डोंगरांच्या सोंडा उघड्या पडल्या, सगळ्या नदीकडे उतरणाऱ्या. मी आजवर पाहिलेल्या सह्याद्रीत या जागेला फार वरचं स्थान देईन.

त्या घळीत मध्य वैतरणेचं धरण आहे. १०२ मीटर उंच, २०१४ साली सुरू झालेलं, रोज मुंबईला ४५५ दशलक्ष लिटर पाणी देणारं. त्याच्या खाली मोडकसागर, १९५७ चा, महापालिकेचे अभियंता मोडक यांच्या नावाचा. वर अप्पर वैतरणा, १९७३ चं. शेजारी तानसा, १८९२ पासूनचा. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी तीन या एका नदीवर आहेत. आणि याच डोंगरात, जिथे पावसाळ्यात छत्री मिटायला उसंत मिळत नाही, तिथे मार्चपासून पाड्यांसाठी टँकर येतो. पाणी पडतं कातळावर, कातळात मुरत नाही, उतारावरून निघून जातं आणि अडतं ते शहरासाठी अडवलेल्या जागी. याची कारणमीमांसा अभियंते उत्तम करतात. पण टँकर पाड्यापर्यंत पोचायला जी वाट लागते ती आम्ही त्या सकाळी ‘फोर लो’मध्ये उतरलो. साध्या टँकरला चारही चाकांची ताकद नसते. म्हणून टँकर वर थांबतो आणि हंडे खालून वर येतात.

रुग्णवाहिकाही वरच थांबते. २०२२ च्या ऑगस्टमध्ये मोखाडा तालुक्यातल्या मरकटवाडीत अपुऱ्या दिवसांची जुळी बाळं दगावली आणि आईला झोळीत घालून डोंगरवाटेने न्यावं लागलं. ती बातमी तेव्हा राज्यभर गाजली. आम्ही पठारावरून परतताना ज्या वाटेने आलो तीही तशीच एका पाड्याची एकुलती वाट. वळणावर दरीच्या बाजूची कड ढासळलेली. दादा उतरला, फावड्याने आतला दरडीचा ढिगारा ओढला, फळ्या टाकल्या आणि गाडी डोंगराच्या अंगाला चिकटवून काढली. पाड्यावरची दोन पोरं मदतीला आली. त्यांच्याकडे घमेली होती, कारण ही वाट दर पावसाळ्यानंतर तीच नीट करतात. फळ्या उचलून आम्ही निघायला लागलो तशी त्यातल्या एकाने फावड्याकडे पाहिलं. दादाने ते त्याला देऊन टाकलं. इथे माझं मन बराच वेळ अडून राहिलं. गंमत म्हणून यायचं तर ते या वाटांवरच यावं की नाही? मी याचा विचार करून ठरवलं आहे की यावं, पण कोरड्या दिवसांत, हळू, एका गाडीने, आणि चाकांनी जेवढं उखडलं तेवढं बसवून. पावसात दहा-दहा गाड्यांचा तांडा चिखल उडवत अशा वाटेवर घालणं मला मुळीच मान्य नाही. त्यांचा दिवस मजेत जातो आणि पाड्याचा रस्ता पुढच्या ऑक्टोबरपर्यंत जातो.

खोडाळ्याहून देवगावच्या बाजूने घाट चढलो आणि जग बदललं. वर हवा कोरडी, आभाळ मोठं, वाट सपाट. अप्पर वैतरणेचा जलाशय भरलेला होता, काठाला बगळे आणि मासेमारीच्या फुगवलेल्या ट्यूबा. खाली घळीत गर्जना करणारी नदी इथे शेतांमधून वळणं घेत फिरते. दक्षिणेला इगतपुरी, तिथे महिंद्राचा इंजिनांचा कारखाना आहे आणि नाशिकला गाड्यांचा. दादाला ते माहीत आहे, आणि चढ संपल्यावर त्याने बॉनेटवर थाप मारून गाडीला “आलीस माहेरी” म्हटलं.

त्र्यंबकला गाडी ठेवून पायी ब्रह्मगिरी चढलो. जवळपास तेराशे मीटर उंचीचा हा डोंगर म्हणजे पाण्याची फाळणी. याच्या पूर्वेला पडलेला थेंब गोदावरीतून १४६५ किलोमीटर जाऊन आंध्रात समुद्राला मिळतो. पश्चिमेचा थेंब वैतरणेतून जेमतेम दीडशे किलोमीटर जाऊन अर्नाळ्याला. माथ्यावर उभं राहिलं की दोन्हीकडचे उतार दिसतात, आणि या डोंगरापाशी अर्धा देश ओलांडणारी नदी आणि आमच्या खाडीची नदी एकाच पावसावर हक्क सांगतात, याने मला फार आनंद झाला. कातळाच्या कडेला बसून मी त्याचा एक भुगा झालेला कपचा बोटांनी चुरला. कळंबच्या रेतीतले काळे कण असेच, फक्त तिथे पोचेपर्यंत बारीक झालेले. वहिनी म्हणाली, एवढ्यासाठी आलीस? एवढ्यासाठीच आले होते.

परतताना तोरंगणच्या घाटाने मोखाड्यात उतरलो. फाट्यावर एक कुटुंब गाडीची वाट बघत उभं होतं: नवरा-बायको, एक म्हातारी आणि आठ-नऊ वर्षांची मुलगी. जाणारा टेम्पो भरून निघून गेला होता. भट्टी शिरसाडजवळ, म्हणजे आमच्याच वाटेवर. हौद्यात माणसं बसवायची नाहीत हा दादाचा नियम, म्हणून बोचकी, हंडे आणि कोंबड्या मागे ताडपत्रीखाली गेल्या आणि आम्ही सगळे आत दाटीने बसलो. भट्टीच्या मालकाकडून पावसाळ्यात घेतलेली उचल फेडायची होती. विटांच्या हिशोबावर ती फिटते, न फिटली तर पुढच्या वर्षी परत यायचं. नवरा हे सगळं दादाला सरळ आवाजात सांगत होता. वाड्याला थांबून भजी घेतली. मुलगी माझ्या शेजारी होती. तिच्या मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत पाटी, एक जुनं पुस्तक आणि दुमडलेला कागद. वहिनीने तो मागून घेतला आणि उलगडला. शिक्षण हमी कार्ड होतं, शाळेच्या शिक्क्यासह, चौथी इयत्ता.

भट्टीवर पोचलो तेव्हा अंधार पडला होता. सामान उतरवलं. म्हातारीने झोपडीची जागा हाताने साफ केली आणि चूल कुठे मांडायची ते ठरवलं. वहिनीने मुकादमाला जवळची जिल्हा परिषदेची शाळा कुठली ते विचारलं. महामार्गाच्या पलीकडे होती. एवढ्या लहान मुलीने तो रस्ता एकटीने ओलांडायचा नाही, हे तिथेच ठरलं. भट्टीवर आणखी सहा मुलं होती, आणि त्यातल्या एकाच्या आईने सकाळी सगळ्यांना पलीकडे सोडायचं कबूल केलं. सोमवारी वहिनी कार्ड घेऊन शाळेत गेली. मुख्याध्यापकांनी मुलीला चौथीत बसवून घेतलं आणि बाकीच्या सहा जणांची नावंही लिहून घेतली. त्यांच्याकडे कार्डं नव्हती. खोडाळ्याच्या मैत्रिणीला फोन गेला. ती त्यांच्या शाळांशी बोलते आहे, आणि दोघांची कार्डं आली आहेत.